दीस, ऊन, होत्तु, भानु: सूर्याचा कुठला शब्द कुठे लावायचा?

मार्कंडेयकाठ

नमस्कार मंडळी. रथसप्तमीला आमच्या बेळगावच्या वाचनालयाच्या भिंतीवर लावायला सहा बाय चार फुटांचा तक्ता करायचा आहे. डावीकडे मराठी, उजवीकडे कानडी, मध्ये सात घोड्यांचा रथ. विषय एकच, सूर्य. पण शब्द गोळा करायला बसलं की एकेका शब्दाला दहा फाटे फुटतात. अडलंय ते असं.

गावात कुणी ‘सूर्य मावळला’ म्हणत नाही, ‘दीस बुडाला’ म्हणतात. तक्त्यात दीस घ्यायचा की बोलीतला म्हणून सोडायचा? घेतला तर समोर कानडीत काय लिहायचं? रविवार, ऐतवार, भानुवार यांतला खरा कुठला? सूर्यनमस्काराच्या नावांत एका पत्रकात ‘सवित्राय नमः’ आहे, दुसऱ्यात ‘सवित्रे नमः’. आणि बाराही नावांसमोर ‘म्हणजे सूर्य’ एवढंच लिहून भागेल का? रुईची सात पानं अंगावर नेमकी कुठे ठेवतात? शेवटचं, तळाशी त्या दिवशीच्या सूर्योदयाची वेळ द्यायची आहे. मुंबईची दिनदर्शिका बघून लिहिली तर चालेल?

सविस्तर सांगा, भिंत मोठी आहे.

झुंजूमुंजू

दीस सोडू नका. तक्त्यातला तोच सगळ्यात कामाचा शब्द आहे.

आपल्याकडे सूर्याला निदान तीन वेगळी कामं आहेत आणि प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे. आकाशातला गोळा आणि देव, तो सूर्य. वेळ मोजायचं साधन, तो दिवस किंवा दीस. अंगाला लागतं ते ऊन. याद्या बिघडतात त्या ही तिन्ही एका ओळीत कोंबल्यामुळे.

दिवसाची क्रियापदं बघा: दिवस उगवला, कासराभर वर आला, डोक्यावर आला, कलला, बुडाला. कासरा म्हणजे बैलाच्या वेसणीला बांधलेला लांब दोर. क्षितिजापासून तेवढ्या उंचीवर सूर्य चढला की कासराभर दिवस आला. हा घड्याळाचा शब्द आहे, देवाचा नाही. म्हणून ‘दिवसाला अर्घ्य दिलं’ कुणी म्हणत नाही आणि ‘सूर्य कलायच्या आत भांगलण उरका’ हेही कानाला खटकतं.

कानडीत ह्याच जागी होत्तु आहे. होत्तु म्हणजे वेळ आणि होत्तु म्हणजे सूर्य. ‘होत्तु मुळुगितु’ म्हणजे दिवस बुडाला, शब्दाला शब्द. ‘होत्तायितु’ म्हणजे वेळ झाली, उशीर झाला. तेव्हा दिवस समोर होत्तु, सूर्य समोर सूर्य, ऊन समोर बिसिलु. नेसरु हा अस्सल कानडी शब्द सुरेख आहे, पण तो कवितेतला. त्याला रोजच्या ओळीत बसवू नका, वेगळी चौकट द्या.

ऊन आणि बिसिलु यांची जोडी तर बघत राहावी अशी. ऊन आलं संस्कृत उष्णपासून, प्राकृतात उण्ह होऊन. म्हणूनच ‘ऊन ऊन भात’ म्हणतो तेव्हा त्यात सूर्य कुठेच नसतो, नुसती वाफ असते. तिकडे बिसि म्हणजे गरम आणि बिसिलु म्हणजे ऊन. दोन्ही भाषांनी सूर्याच्या उजेडाला नाव दिलं ते उष्णतेवरून. आणि दोन्हीकडे ऊन ‘पडतं’: ऊन पडलं, बिसिलु बित्तु. मोबाइलवर भाषांतर करून तक्ता भरायचा विचार असेल तर ह्याच जागी ‘सूर्य पडला’ असलं काहीतरी हाती येईल. एकेक ओळ कानडी बोलणाऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय छापायला देऊ नका.

अनेकवचनात अर्थ पुन्हा सरकतो. ‘ऊन’ म्हणजे ताप, ‘उन्हं’ म्हणजे वेळ. ‘उन्हं उतरली की निघू’ यात तापापेक्षा साडेचार-पाचचा अंदाज जास्त आहे. ढगातून एक पट्टा सुटला तर ती तिरीप. कौलाच्या फटीतून जमिनीवर पडला तो कवडसा. कवडसा घ्याच तक्त्यात, मुलांना आवडेल.

वाराचं उत्तर: तिन्ही खरे. आदित्यवारचा आइतवार, त्याचा ऐतवार. हा आपल्या खेड्यांत आहे आणि ह्या भागातल्या कानडी बोलीतही आहे. रविवारही दोन्हीकडे चालतो. भानुवार हा कानडीतला, तो इथे मुख्यतः शाळेतून आणि छापील कॅलेंडरातून येतो. आदित्य, रवी, भानू तिघेही सूर्यच. एकच ओळ करा आणि तिन्ही लिहा.

वाक्प्रचार टाकणार असाल तर थोडे आणि नेमके टाका. ‘उगवत्या सूर्याला नमस्कार’ यात सूर्य म्हणजे सत्ता. ‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही’ यात सूर्य म्हणजे सत्य, आणि गंमत म्हणजे त्याचं नावही घेतलेलं नाही. सूर्यवंशी म्हणजे राजकुळ, आणि घरात उशिरा उठणाऱ्याला मारलेला टोमणाही तोच. ‘जे न देखे रवि ते देखे कवि’ कानडीतही जसंच्या तसं आहे: ‘रवि काणद्दन्नु कवि कंड’. हे दोन्ही रकान्यांत समोरासमोर येऊ द्या. फक्त ‘दिवस गेले’, ‘दिवस घातले’ हे सूर्याच्या यादीत ओढू नका. तिथे दिवस म्हणजे तारखा, गोळा नव्हे.

रुईचं_पान

आधी नावं. नमः लावलं की चतुर्थी विभक्ती येते, आणि प्रत्येक नामाचा शेवट वेगळा असल्यामुळे प्रत्ययही वेगळा. बरोबर रूपं अशी: मित्राय, रवये, सूर्याय, भानवे, खगाय, पूष्णे, हिरण्यगर्भाय, मरीचये, आदित्याय, सवित्रे, अर्काय, भास्कराय. तेरावा नमस्कार श्रीसवितृसूर्यनारायणाय नमः म्हणून घालतात.

चुका होतात त्या चारच ठिकाणी. मूळ शब्द सवितृ, म्हणून सवित्रे. पितृचं पित्रे होतं तसंच. ‘सवित्राय’ चूक. पूषन्‌चं पूष्णे, पहिला ऊ दीर्घ. ‘पुष्णे’ आणि ‘पुष्पाय’ दोन्ही चूक. मरीचि यात री दीर्घ आहे, मिरचीची आठवण येऊन ऱ्हस्व करतात. रवीचं ‘रव्याय’ असं रूप नाही, रवये. आणि नावांआधी लावायची बीजाक्षरं सहाच: ह्रां, ह्रीं, ह्रूं, ह्रैं, ह्रौं, ह्रः. ती दोनदा फिरवून बारा होतात. बारा निरनिराळी बीजं छापलेली दिसली तर ती यादी बाजूला ठेवा.

सगळ्यांसमोर ‘सूर्य’ लिहिणं म्हणजे ताट भरून वाढलेल्या जेवणाला ‘अन्न’ म्हणणं. मित्र म्हणजे सोबती, शब्दाला जागणारा. पूषन् पोसणारा. सविता प्रेरणा देणारा, ‘सू’ म्हणजे चालना देणं, उत्पन्न करणं ह्या धातूवरून. खग म्हणजे आकाशात जाणारा, म्हणून पक्ष्यालाही खगच म्हणतात. मरीचि म्हणजे किरण, मृगजळाला मरीचिका म्हणतात ते ह्यावरून. हिरण्यगर्भ म्हणजे ज्याच्या पोटात सोनं आहे असं आद्य बीज. आदित्य अदितीचा मुलगा. हे आदित्य बारा मानतात म्हणून जुन्या लेखांत आकडा शब्दाने लिहायचा असेल तर ‘अर्क’ किंवा ‘रवि’ म्हणजे 12, आणि ‘अश्व’ म्हणजे सूर्याच्या घोड्यांवरून 7.

गायत्री मंत्रही सवितृचाच, ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातला, 62 व्या सूक्ताची 10 वी ऋचा. त्याची अक्षरं तक्त्यावर मोजून दाखवायची असतील तर 24 ऐवजी 23 च भरतील. ‘वरेण्यं’ हे छंदासाठी ‘वरेणियं’ असं चार अक्षरी मोजायचं असतं, मग हिशेब जुळतो.

आता रुई. सात पानं अशी: डोक्यावर 1, खांद्यांवर 2, गुडघ्यांवर 2, पावलांवर 2. काही घरांत बोरीची पानंही घेतात. रुईला संस्कृतात अर्क, कानडीत एक्क. हे एक्क अर्काचंच झिजलेलं रूप. म्हणजे सूर्याच्या दिवशी सूर्याच्याच नावाचं झाड अंगावर घ्यायचं, असा हा शब्दांचा जुळा. नवग्रहांच्या होमातही सूर्याची समिधा रुईचीच, चंद्राची पळसाची, मंगळाची खैराची.

काळजी घ्यायची ती चिकाची. देठ तुटला की पांढरा चीक गळतो, आणि तो डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. फसवी बाजू अशी की दुखतं कमी आणि धूसर दिसायला लागतं, त्यामुळे लोक दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतात. पानं आदल्या संध्याकाळी काढा, देठ खाली करून ठेवा म्हणजे चीक निथळतो, सकाळी दोन पाण्यांनी धुवा, काढणाऱ्याने हात साबणाने धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नयेत. लहान मुलांच्या डोक्यावरचं पान पाणी ओतायच्या आधी उचलून घ्यावं, नाहीतर ओघळ सरळ डोळ्यात येतो. गेलाच चीक, तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं.

दूध उतू घालायचं असेल तर पसरट पातेलं घेऊ नका, त्यात दूध नुसतं आटतं. अरुंद तोंडाचं बोळकं घ्या, पाव लिटरचं पुरे. नवं असेल तर रात्रभर पाण्यात भिजवा. कोरडं मातीचं बोळकं थेट विस्तवावर ठेवलं की तडकतं. पाऊण भरा. शेणी चांगल्या पेटून धूर गेल्यावरच वर ठेवा. मध्ये ढवळलं की वरची साय मोडते, खालची वाफ निसटते आणि दूध उतू जायचं राहतं. वारा असेल तर तिन्ही बाजूंनी विटांचा आडोसा, पूर्वेची बाजू मोकळी. उरलेल्या दुधात तांदूळ-गूळ घालून खीर.

अर्घ्याला तांब्याचा तांब्या, पाणी, तांबडं फूल, अक्षता. तांब्यात दूध किंवा दही मिसळू नये. शास्त्रात त्याचा निषेध आहे, आणि आंबट पदार्थात तांबं उतरतं हे कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवणाऱ्याला सांगावं लागत नाही. धार बारीक, आणि पाणी पायदळी जाणार नाही अशा कुंडीत किंवा तुळशीच्या आळ्यात.

घटिकापात्र

सूर्योदयाच्या वेळेवर लिहितो, कारण मुंबईची वेळ छापणं ही इथली नेहमीची चूक आहे.

बेळगाव 74.5 अंश पूर्व रेखांशावर, मुंबई साधारण 72.9 वर. नुसत्या रेखांशाने आपल्याकडे सगळंच साडेसहा मिनिटं आधी घडतं. पण अक्षांशही वेगळा आहे, आपला 15.85, मुंबईचा 19. हिवाळ्यात दक्षिणेकडे दिवस जरा मोठा असतो, त्यामुळे आणखी मिनिटं मिळतात. डिसेंबरअखेर बेळगावचा सूर्योदय मुंबईच्या 12-13 मिनिटं आधी. जूनमध्ये उलट होतं, अक्षांश रेखांशाला खाऊन टाकतो आणि दोन्हीकडचा सूर्योदय जवळपास एकाच वेळी येतो. म्हणजे मुंबईची वेळ जूनमध्ये खपून जाते आणि नेमकी रथसप्तमीच्या सुमारास 10-11 मिनिटांनी चुकते. ‘सरळ सहा मिनिटं वजा करा’ हा उपायही म्हणूनच बारमाही नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बेळगावात सूर्योदय 7 वाजून 3 मिनिटांच्या आसपास असतो. वर्षातला सगळ्यात उशिराचा सूर्योदय हाच, जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला. 22 डिसेंबरचा नव्हे. त्या दिवशी दिनमान सगळ्यात लहान, पण मध्यान्हच पुढे सरकत असल्याने सूर्योदयही महिनाभर उशिरा उशिरा होत जातो.

दोन पंचांगांत तीन-चार मिनिटांचा फरक दिसला तर घाबरू नका. कुणी बिंबाची वरची कड दिसली की उदय धरतं आणि वातावरणामुळे किरण वाकतात तेही जमेस धरतं. कुणी बिंबाचा मध्य गणिताने क्षितिजावर आला की धरतं. तक्त्यावर ‘बेळगाव, वरची कड’ असं कंसात लिहिलं की वाद मिटतो. तिथीसाठी मात्र सूर्योदयापेक्षा अरुणोदय बघतात, म्हणजे सूर्योदयाआधी 4 घटका, 96 मिनिटं. माघ शुद्ध सप्तमी त्या वेळी असायला हवी. मराठी आणि कानडी दोन्ही पंचांगं अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारा महिना आणि शालिवाहन शक मानतात, त्यामुळे तारखेत भाषेचा घोळ येत नाही.

‘बाराला दिवस डोक्यावर’ हेही तपासा. घड्याळ चालतं 82.5 अंश रेखांशाच्या वेळेवर, आपण 8 अंश पश्चिमेला, म्हणजे 32 मिनिटं मागे. बेळगावची खरी मध्यान्ह सरासरी 12:32 ला, फेब्रुवारीत ती 12:46 पर्यंत जाते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:16 ला येते. आणि अक्षरशः डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदाच येतो, 4 मेच्या आणि 8-9 ऑगस्टच्या आसपास. तेव्हा उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच मावते. ऑगस्टचा दिवस आपल्याकडे ढगात जातो, म्हणून दाखवायचा तर मेमधला.

असं दोनदा का? सूर्य उत्तरेकडे जाताना आणि परत येताना तोच टप्पा ओलांडतो म्हणून. कोल्हापूरच्या महालक्ष्मीचा किरणोत्सवही ह्याच हिशेबाने दोनदा होतो, 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण 17 अंशांवर असतो आणि नेमक्या पश्चिमेपासून 18 अंश दक्षिणेला सरकून मावळतो. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीवर, मग मुखावर. वाटेत उंच बांधकाम आलं किंवा क्षितिजावर धूळ-ढग असले की किरणं अलीकडेच विरतात.

एक दुरुस्ती आगाऊच करून ठेवतो, कारण कुणीतरी ती तक्त्यात घालणारच. ‘संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं’ हे आज आकाशात खरं नाही. सूर्य 21-22 डिसेंबरला उत्तरेकडे वळतो. संक्रांत म्हणजे सूर्याचा निरयन, म्हणजे तारे धरून मोजलेल्या, मकर राशीत प्रवेश. तारे धरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठं, त्यामुळे साधारण 70-72 वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. आज ह्या दोन मोजण्यांतला फरक 24 अंशांच्या आसपास साचला आहे. धर्मकृत्य म्हणून उत्तरायण संक्रांतीला मानायला हरकत नाही, पण खाली ‘सूर्य आजपासून उत्तरेकडे’ असं लिहू नका.

निपाणी_वेस

@रुईचं_पान, नेटकं लिहिलंय. दोन-तीन गोष्टी राहिल्या त्या टाकतो.

ह्या भागात सूर्याचा धर्म फक्त अर्घ्याचा नाही. जैन घरांत तो जेवणाच्या वेळेत आहे. रात्रिभोजनत्याग पाळणारे दिवस बुडायच्या आत जेवतात, काटेकोर पाळणारे सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्ताआधीच्या दोन-दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं सोडतात. लग्नाच्या पत्रिकेवर ‘भोजन सूर्यास्तापूर्वी’ छापलेलं असतं ते ह्यासाठी. स्वयंपाक्याला ‘संध्याकाळी सातला’ सांगून चालत नाही, डिसेंबरात सहाच्या सुमारासच दिवस बुडतो. त्या दिवसाचा बेळगावचा सूर्यास्त काढून तासभर आधी पंगत बसवावी लागते.

मुसलमानांत उगवताना, ऐन माथ्यावर आणि मावळताना नमाज पढत नाहीत, पूजा सूर्याची समजली जाऊ नये म्हणून. मगरिब हा शब्द तर तक्त्यात हवाच. मगरिब म्हणजे मावळतीची नमाज आणि मगरिब म्हणजे पश्चिम दिशा. आपलं मावळती तसंच, कानडीतलं पडुवण तसंच. पडु म्हणजे खाली जाणं, मावळणं. मूडु म्हणजे उगवणं, त्यावरून पूर्वेला मूडण. तीन कुळांतल्या भाषा आणि दिशा सगळ्यांनी सूर्याच्या पायवाटेवरून मोजलेल्या.

खंडोबा विसरू नका. मार्तंड हे सूर्याचंच नाव, वार रविवार, उधळण भंडाऱ्याची. कानडीत तो मैलार. ‘येळकोट’ म्हणजे कानडी एळु कोटि, सात कोटी, असा अर्थ लावतात. जुन्या अथणी तालुक्यातल्या मंगसुळीला दोन्ही भाषांचे भक्त हाच घोष करतात. आणि पसायदानात ‘मार्तंड जे तापहीन’ आहे. उजेड हवा पण चटका नको, असा सूर्य मागितलाय तिथे. झुंजूमुंजू म्हणाले तसं ज्या भाषेत उजेडाचं नावच उष्णतेवरून पडलं, त्या भाषेत हे मागणं किती मोठं आहे बघा.

शेतात, देवळाजवळ वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड असतील तर त्यांच्या माथ्यावर बघा. पूर्ण गोल तो सूर्य, कोर ती चंद्र. दानलेखांवरही तीच जोडी. अर्थ ‘आचंद्रार्क’, चंद्र-सूर्य असेतोवर. तिथे सूर्य पूजेसाठी नसून मुदतीसाठी आहे. फोटो घ्यायचा तर सकाळी आठच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर, दगडावर तिरपा उजेड पडला की झिजलेलं कोरीव काम उठून दिसतं. माथ्यावर पीठ, खडू, तेल फासू नका, दगड खराब होतो.

मार्कंडेयकाठ

सगळ्यांचे आभार, तक्ता आता आठ बाय चार करावा लागणार! तीन उरलेल्या शंका. अर्क म्हणजे सूर्य, मग दुकानात मिळणारा ओव्याचा अर्क, गोमूत्र अर्क यांचा सूर्याशी संबंध? मुलांना सूर्य किती वर आला हे हाताने मोजायला शिकवायचं आहे, ते कसं? आणि अर्घ्य पूर्वेला तोंड करून की सूर्याकडे?

झुंजूमुंजू

काही संबंध नाही, योगायोगाने सारखे झालेले दोन शब्द आहेत. सूर्य आणि रुई असा अर्थ असलेला अर्क संस्कृत, ‘अर्च्’ धातूशी जोडतात. गाळून काढलेला अर्क अरबीतून आला, तिथे मूळ अर्थ घाम, मग थेंब थेंब ठिबकणारा रस. ‘हा पोरगा म्हणजे एक अर्क आहे’ यातलाही दुसराच. दोन वेगळ्या चौकटी करा, मधे रेघ मारा. ‘सूर्याच्या तेजाने काढलेला तो अर्क’ असली व्युत्पत्ती कुणी हौसेने सुचवेल, ती घेऊ नका.

घटिकापात्र

हात पूर्ण लांब करून मूठ आडवी धरली की आकाशात साधारण 10 अंश झाकतात. सूर्य तासाला 15 अंश चालतो आणि आपल्या अक्षांशावर जवळजवळ उभा चढतो-उतरतो. म्हणून क्षितिज आणि सूर्य यांच्यात एक मूठ मावली तर सूर्यास्ताला पाऊण तासाच्या आत-बाहेर वेळ आहे. चार बोटं मावली तर अर्धा तास. मुलांचा हात लहान आणि मूठही लहान, त्यामुळे प्रमाण जुळतं. डोंगर आड असेल तर हिशेब डोंगराच्या कडेपासून नव्हे, सपाट क्षितिजापासून. एक अट: हाताने बिंब झाकूनच मोजायचं, बिंबाकडे बघायचं नाही. अर्घ्याच्या धारेतून बघितलं की डोळ्याला अपाय नाही ही समजूतही चुकीची, पाण्याची पातळ धार घातक किरण अडवत नाही.

त्यापेक्षा कवडसा वापरा. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, खाली पांढरा कागद. 1 मीटर अंतरावर साधारण 9 मिलिमीटरचा गोल पडेल, अंतर भागिले 110 धरा. भोक चौकोनी असलं तरी लांबवर गोलच पडतो, कारण ती भोकाची आकृती नसून सूर्याची प्रतिमा असते. ग्रहणात कौलांखालचे सगळे कवडसे कोरीसारखे होतात ते त्यामुळेच.

अर्घ्य सूर्याकडे तोंड करून. होकायंत्रातली पूर्व आणि उगवती एकच असतात त्या वर्षातल्या दोनच सुमारांना, 21 मार्च आणि 23 सप्टेंबर. बाकी दिवस बेळगावात उगवती पूर्वेच्या डावी-उजवीकडे 24 अंशांपर्यंत सरकते. रथसप्तमीला ती आग्नेयेकडे असते.

रुईचं_पान

छपाईचं एक सांगायचं राहिलं. मजकूर युनिकोडमध्ये द्या. जुन्या फॉन्टमध्ये चढवताना ‘पूष्णे’ मधला ष्ण, ‘ह्रूं’ मधला ह्र आणि कानडी रकान्यातले ओत्तक्षर, म्हणजे अक्षराखाली लागणारी जोडाक्षराची खूण, हे तिन्ही हमखास फुटतात. प्रूफ मोबाइलवर बघू नका, ए-फोर कागदावर काढून बघा. आणि रथ काढणाऱ्याला सांगा, घोडे सातच, सारथी अरुण सूर्याच्या पुढ्यात बसलेला आणि त्याला मांड्याच नाहीत, म्हणूनच त्याला अनूरु म्हणतात. रंगवणारे त्याला हौसेने धोतर-चपला घालतात.